तीन गार्ड, एक कॅप आणि वावडिंगाची पूड

मी झोपेत दात खातो. त्यापायी गेल्या साडेतीन वर्षांत मी रात्री तोंडात घालून झोपायच्या तीन वस्तू, म्हणजे दातांचे गार्ड, विकत घेतल्या. पहिली ३९९ रुपयांची, ऑनलाइन. दुसरी २,२०० ची, घराजवळच्या दवाखान्यातली. तिसरी ७,००० ची, पुण्याहून. पहिली बारा रात्री टिकली, दुसरी पाच महिने, आणि तिसरी दोन वर्षं उलटली तरी उशाशी डबीत आहे. शिवाय दाढेची एक कॅप (९,५००), झोपेची एक तपासणी (६,०००) आणि आईने आणलेली वावडिंगाची पूड (३०). सगळं माझ्याच खिशातून, कारण मेडिक्लेमवाल्यांच्या लेखी दात हा शरीराचा भाग नसतो. अपघातात पडले तर गोष्ट वेगळी. मी सोलापुरात जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. पावत्या जपायची खोड आहे. त्या फाइलवरूनच हे लिहितोय.

आवाज मला स्वतःला कधी ऐकू आला नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, बायको अधूनमधून म्हणायची, “अहो, रात्री ज्वारी दळत होतात तुम्ही.” मी हसण्यावारी न्यायचो. मग एका जुलैत, रिटर्न भरायच्या धामधुमीत, तिने पहाटे पावणेतीनला मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि सकाळी चहाबरोबर ऐकवलं. आधी घोरणं. मग घोरणं अडकतं, एक मोठा श्वास, आणि कर्र, कर्र, कर्र. कोरड्या जात्यात खडा सापडावा तसं. चार-पाच घासण्या, एक आवंढा, पुन्हा घोरणं. मी म्हटलं, हे भलतंच काहीतरी लावलंयस. ती म्हणाली, “तुमचेच दात आहेत. माझे अजून शाबूत आहेत.”

ते रेकॉर्डिंग जपून ठेवलं हे बरं झालं. घोरणं, श्वास, मग दात, हा क्रम पुढे फार कामाला आला.

खुणा तशा आधीपासून होत्या, मी त्या दुसऱ्याच खात्यात टाकत होतो. सकाळी उठलं की दोन्ही कानशिलं ठणकायची. चष्म्याचा नंबर बदलून घेतला, काही फरक नाही. मग सायनस म्हणून वाफारे. जांभई देताना कानापुढे कट् वाजायचं. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, करवतीच्या पात्यासारखे. पासपोर्टच्या फोटोत जबडा असा चौकोनी आलेला की फोटोग्राफरने विचारलं, “साहेब, जिम लावली काय?” जिम गालातच चालू होती. गालावर हात ठेवून दात आवळले की जो स्नायू टणक गोळा होऊन वर येतो त्याचं नाव मॅसेटर. रात्रभर त्याला व्यायाम दिला तर तो दंडासारखाच फुगतो.

शेवटी निकाल लावला कडक भाकरीने. बाहेरच्यांसाठी सांगतो, सोलापूरची कडक भाकरी म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली भाकरी. पंधरा-वीस दिवस टिकते, शेंगा चटणी आणि दही घेऊन मोडत मोडत खायची. एका रविवारी तिचा तुकडा चावला आणि तोंडात खडा आला. बाहेर काढून बघतो तर खालच्या डाव्या दाढेचा कोपरा. मी भाकरीला शिव्या दिल्या, बायकोने मला. भाकरीने फक्त शेवटचा धक्का दिला होता. दाढ आधीच चरे पडून पोखरल्यासारखी झाली होती, हे कॅप बसवताना कळलं.

आता आईचं मत. तिच्या हिशेबात रात्री दात खाणं म्हणजे पोटात जंत, विषय संपला. वय बघायचं नाही. सात दिवस मधातून वावडिंगाची पूड, आणि तिच्या समाधानासाठी मेडिकलमधून जंतांची एक गोळीही चघळली. जंत असतील तर गेले असतील. जातं चालूच राहिलं. गंमत म्हणजे माझी सात वर्षांची मुलगीही झोपेत दात खाते, त्यामुळे आईच्या सिद्धांताला घरातच दुसरा पुरावा मिळाला. मुलीचं पुढे पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान मुलांत हे मोठ्यांपेक्षा जास्त असतं, बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप कमी होतं. दुधाचे दात पडून नवे येताना गार्ड बसवत नाहीत. जंत झालेत अशी शंका असेल तर जंतांचं औषध जंतांसाठी द्या, दातांसाठी नको. आईने हे ऐकून घेतलं आणि दोघांना पुन्हा वावडिंग दिलं.

पहिला गार्ड. याला जास्त जागा देण्यात अर्थ नाही. गरम पाण्यात तीसेक सेकंद बुडवायचा, मऊ झाला की दातांवर दाबायचा, ओठ मिटून चोखायचा, मग गार पाण्यात. मुळात हा प्रकार बॉक्सिंग-कबड्डीवाल्यांच्या गार्डचा, तोच रात्रीसाठी म्हणून विकतात. माझ्या तोंडात तो रबरी चपलेच्या टाचेएवढा वाटायचा. ओठ मिटत नसत, उशी ओली. एका बाजूला दाढांवर जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, कारण दाबताना मी आरशात बघत तोंड वाकडं केलं होतं. बाराव्या सकाळी तो पायथ्याशी चादरीत सापडला. झोपेत मीच काढून फेकला असणार. त्याच्यावर एक खालचा दात पार आरपार उमटला होता, एवढाच त्याचा उपयोग: रात्री किती जोर लागतो ते डोळ्यांना दिसलं. तात्पुरता, चार-आठ दिवसांसाठी, खऱ्या गार्डची वाट बघताना ठीक. दहापैकी दोन.

दुसरा गार्ड घराजवळच्या दवाखान्यातला. नाव सांगणार नाही, डॉक्टर चांगले आहेत, माझी कॅप त्यांनीच उत्तम बसवली. पण गार्ड हा त्यांच्यासाठी जोडधंदा होता. गुलाबी पेस्टने वरच्या दातांचं माप घेतलं, चार दिवसांनी मऊ, पारदर्शक, दोनेक मिलिमीटर जाडीची पट्टी हातात दिली. बसवून बघितली, “घट्ट वाटतंय ना? मग झालं.” बिल. पाच मिनिटं.

मऊ गार्डचा पहिला आठवडा सुखाचा गेला. ओठ मिटायचे, आवाज जवळजवळ बंद, बायको खूश. आणि इथेच माझी फसगत झाली, कारण आवाज बंद झाला म्हणजे दात खाणं बंद झालं असं आम्ही दोघांनी धरून चाललो. जात्यावर पोतं टाकलं की आवाज येत नाही, दगड फिरतच असतो. तिसऱ्या आठवड्यात कानशिलं पूर्वीपेक्षा जास्त ठणकायला लागली. सकाळी जबडा असा दमलेला, जणू रात्रभर कुणी च्युइंगम चघळायला लावलंय. पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे माझ्या मनाचे खेळ नव्हते. ओकेसन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९८७ साली दहा जणांना मऊ आणि कडक असे दोन्ही प्रकारचे गार्ड घालून झोपवलं आणि जबड्याच्या स्नायूंची हालचाल मोजली. कडक गार्डने (त्याला स्प्लिंट म्हणतात) दहापैकी आठ जणांत ती कमी झाली, मऊ गार्डने पाच जणांत उलट वाढली. दहाच माणसं, त्यामुळे त्यावर मोठा इमला चढवू नये. पण मी त्या पाचांतला, हे मला माझ्या कानशिलांनी सांगितलं.

पाचव्या महिन्यात उजव्या दाढेखाली भोक पडलं. त्याच आठवड्यात आईने गार्ड “निर्जंतुक” करायला उकळत्या पाण्यात टाकला. वर काढला तेव्हा तो तळलेल्या कुरडईसारखा झाला होता. तिच्यावर चिडायचा मला अधिकार नव्हता, कारण कोमट पाण्याच्या वर नेऊ नका हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

परत दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, हवं तर वर-खालचे दात थोडे घासून चावा जुळवून देतो, मग दात खाणं थांबेल. मी विचार करतो म्हणून उठलो. ही जुनी समजूत आहे: चावा वाकडा, म्हणून माणूस दात खातो. आता मूळ मेंदूत आणि झोपेत शोधतात. गार्ड नाही पटला तर काढून ठेवता येतो, घासलेला दात परत येत नाही. असा प्रस्ताव आला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय तोंड उघडू नका, शब्दशः.

मऊ गार्डला दहापैकी चार. ज्यांना फक्त थोडासा त्रास आहे, जबडा दुखत नाही, त्यांचं भागूही शकेल.

मधल्या काळात एका त्वचेच्या क्लिनिकमध्ये बोटॉक्सची चौकशी केली. दोन्ही गालांच्या मॅसेटरमध्ये सुया, स्नायू ढिला पडतो, चावा हलका. कोटेशन १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी. वैद्यकीय उपचारांना जीएसटी माफ असतो, सौंदर्योपचारांना नसतो. म्हणजे माझा जबडा त्यांच्या लेखी सौंदर्याच्या खात्यात गेला होता! तिथे वाद घालायची फार इच्छा झाली, पण समोरच्या मुलीचा त्यात काय दोष. असर तीन-चार महिने. म्हणजे वर्षाला तीनदा धरलं तरी करासकट ६३,७२० रुपये, दरवर्षी. खर्च सोडा, मला अडलं ते दुसरंच. बोटॉक्सने चावण्याचा जोर कमी होतो, दात खायचे झटके तितक्याच वेळा येत राहतात. आणि वारंवार घेत राहिलं तर स्नायू बारीक होतो, जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो याबद्दलही शंका घेतल्या जातात. ज्यांचा जबडा इतका दुखतो की घास चावत नाही, ज्यांनी बाकी सगळं करून बघितलं, त्यांच्यासाठी ते असेलही. मी घेतलं नाही, त्यामुळे गुण देत नाही.

मग पुणं. मेहुणी तिथे असते, तिच्या ओळखीने एका प्रोस्थोडॉन्टिस्टकडे गेलो, म्हणजे कवळी, कॅप, ब्रिज यांतले स्पेशालिस्ट. सोलापुरात असे डॉक्टर नाहीत असं नाही, मला ही गोष्ट त्यांचीच असते हे माहीत नव्हतं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, दुपारपर्यंत दवाखाना, संध्याकाळच्या हुतात्माने परत. स्प्लिंट नीट बसेपर्यंत चार फेऱ्या. गाडीभाडं, रिक्षा आणि दुपारचं जेवण धरून २,८०० वर गेले, ते ७,००० मध्ये धरलेले नाहीत.

पहिल्या भेटीत मॅडमनी तोंड उघडायच्या आधी वीस मिनिटं प्रश्नच विचारले. चहा किती? सात-आठ कप, शेवटचा रात्री नऊला. तंबाखू, सिगारेट? नाही. दारू? कधीतरी शनिवारी. छातीत जळजळ? होते. घोरता का? इथे मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं, कान मोबाइलला लावून. आणि मग, “फॉर्ममध्ये औषधांपुढे काही नाही असं लिहिलंय. खरंच काही चालू नाही?”

चालू होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मला रात्री छाती धडधडून जाग यायची, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्रामची, म्हणजे चिंता-नैराश्यावरची, गोळी दिली होती. ती मी फॉर्मवर लिहिली नाही. ज्या माणसाकडे लोक आपली दोन नंबरची कमाई कबूल करतात, त्याला एक गोळी कबूल करवेना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, या गटातल्या गोळ्यांनी काही जणांचं दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. पुढचं वाक्य त्यांनी जरा दरडावून सांगितलं: स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना जाऊन भेटायचं. मी भेटलो. वर्षभर तब्येत स्थिर होती, म्हणून त्यांनी हळूहळू, दोन महिन्यांत, डोस खाली आणला.

दुसरी गोष्ट, त्यांनी त्या दिवशी माप घेतलंच नाही. आधी झोपेची तपासणी करून या, म्हणाल्या. मला राग आला. एवढ्या लांबून आलोय, माप तरी घ्या! त्यांचं म्हणणं असं: दात खाण्याचा झटका येण्याआधी काही सेकंद मेंदू अर्धवट जागा होतो, नाडी वाढते, मग जबडा चालू होतो. बहुतेक वेळा हलक्या झोपेत. ही अर्धवट जाग कशाने येते ते बघायला हवं. श्वास अडकल्यामुळे येत असेल तर प्रश्न दातांचा राहत नाही. शिवाय ज्यांना श्वास अडकण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा त्रास आहे, त्यांच्यापैकी काहींचा त्रास वरच्या जबड्यातल्या साध्या स्प्लिंटने वाढलेला दिसलाय. अशा माणसाला आंधळेपणाने स्प्लिंट देणं त्यांना पटत नव्हतं.

तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा, सकाळी यंत्र परत. दर तासाला सात वेळा श्वास अडकत होता. पाचच्या खाली असेल तर चिंता नाही, पाच ते पंधरा म्हणजे सौम्य. रात्री श्वासासाठी मशीन लावायची गरज नाही, कुशीवर झोपा, वजन सहा किलो उतरवा. चार उतरलंय. दात खाण्याचं नेमकं मोजमाप करायचं तर जबड्याच्या स्नायूंवर तारा लावून रात्रभर झोपेच्या प्रयोगशाळेत राहावं लागतं. ते मी केलं नाही, मॅडमनीही आग्रह धरला नाही.

आता खरा माल. कडक ॲक्रिलिकचा स्प्लिंट, वरच्या दातांवर बसणारा. वर-खालच्या दोन्ही दातांचे ठसे, मेणाच्या पट्टीवर चाव्याची नोंद, लॅबमध्ये आठ दिवस. बसवायच्या दिवशी मी घड्याळ लावलं होतं: पन्नास मिनिटं. निळा कागद दातांमध्ये धरायचा, टक् टक् टक् आपटायचं. स्प्लिंटवर निळे ठिपके उमटतात. जिथे ठिपका गडद तिथे बारीक घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा टक् टक्. सगळ्या दाढांचे ठिपके सारखे येईपर्यंत. मग लाल कागद, आता जबडा डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. सरकवताना फक्त सुळा टेकला पाहिजे, दाढा सुटल्या पाहिजेत. म्हणजे झोपेत घासायला गेलं की भार लांब मुळाच्या सुळ्यावर येतो आणि दाढा दळायच्या बंद होतात. मला हे ट्रायल बॅलन्स जुळवण्यासारखं वाटलं. दोन रुपयांचा फरक असला तरी मॅडम उठेनात.

दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. जबड्याचे स्नायू सैल झाले की खालचा जबडा थोडा जागा बदलतो, ठिपके पुन्हा बिघडतात, पुन्हा घासायचं. तीन महिन्यांनी आणखी एकदा. सात हजारांतला बराचसा भाग या बसण्याचा आहे, ॲक्रिलिकचा फार थोडा. त्यामुळे कुणी “तोच कडक गार्ड, अर्ध्या किमतीत, मापाचा किट घरपोच” म्हणालं तर मी विचारतो, निळा कागद कोण धरणार?

पहिल्या चार रात्री वाईट. लाळ. बोलताना “श”चा “स”. बायकोला म्हटलं, “दिवा मालव,” तिला ऐकू गेलं “जिवा पालव.” पाचव्या रात्रीपासून विसरलो. सकाळी काढला की पाच-दहा मिनिटं दात परकेच वाटतात, वरचे-खालचे ओळख विसरल्यासारखे, मग जुळतात. तासाभरात जुळले नाहीत किंवा चावा बदललाय असं वाटलं तर डॉक्टरकडे जायचं असं बजावलंय. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे गार्ड मिळतात, त्यांत हा धोका जास्त. मागच्या दाढांना आधार नसतो, त्या हळूहळू वर येतात.

काळजी अशी: सकाळी गार पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. पेस्टने घासायचा नाही, चरे पडतात आणि चऱ्यांत वास धरतो. कोरडा करून हवा खेळती राहील अशा डबीत. डबीवर मी लाल पेनने “आई, उकळू नये” लिहिलंय.

सहा महिन्यांनी मॅडमनी स्प्लिंट दिव्याखाली धरून दाखवला. डाव्या सुळ्यापाशी गुळगुळीत चकाकणारा पट्टा पडलेला, उजवीकडे तसा नाही. म्हणजे मी रात्री डावीकडे दळतो. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आता ऑडिट ट्रेल सक्तीची आहे, कुठली नोंद कधी बदलली ते लपत नाही. हा माझा ट्रेल.

त्या पट्ट्याचा अर्थ असाही की दात खाणं थांबलेलं नाही. हे मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००७ सालच्या आढाव्यातही हेच आहे: स्प्लिंटने झोपेतलं दात खाणं बरं होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, दातांची झीज वाचवण्यात फायदा असू शकतो. पुढे २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जी व्याख्या मान्य केली तिच्यात तर निरोगी माणसातल्या या प्रकाराला आजार म्हणायचंच नाही असं ठरलं. ती स्नायूंची एक हालचाल आहे, काहींना तिचा त्रास होतो, काहींना होत नाही. मला आजार नाही हे वाचून बरं वाटलं. ९,५०० ची कॅप मात्र खरी आहे.

कानशिलं आता महिन्यातून दोन-तीनदा ठणकतात, पूर्वी आठवड्यातून पाच दिवस. कशामुळे? स्प्लिंट, कमी झालेली गोळी, उतरलेले चार किलो, आणि संध्याकाळी पाचनंतर बंद केलेला चहा, हे सगळं एकाच तिमाहीत झालं. चार नोंदी एकाच तारखेला पडल्या, श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं मला ठरवता येत नाही. टाकणारही नाही.

एक उपाय फुकट आहे. दिवसा काम करताना मी दात आवळून बसतो हे मला मॅडमनी दाखवून दिलं, प्रश्नांची उत्तरं देतानासुद्धा आवळत होतो म्हणे. गप्प बसलेल्या माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट असते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. मी बायकोच्या पाकिटातली एक लाल टिकली मॉनिटरच्या कोपऱ्यात लावली. टिकली दिसली की जबडा सैल सोडायचा. क्लायंट विचारतात, साहेब हे काय, देवीचं आहे का? हो म्हणतो. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या दिवशी, जेव्हा लोक संध्याकाळी सातला व्हॉट्सॲपवर बिलांचे तिरके फोटो पाठवतात, तेव्हा टिकली दिसूनही उपयोग नसतो. त्या रात्रींचे पट्टे स्प्लिंटवर असणार.

कडक स्प्लिंटला दहापैकी आठ. एक गुण चार फेऱ्यांचा कापला, एक उन्हाळ्याचा. मे महिन्यात सोलापुरात रात्री दोनला वीज गेली की अंगावर बनियनसुद्धा नको वाटतो, तिथे तोंडात ॲक्रिलिक. ज्यांना पुण्या-मुंबईचे दर परवडत नाहीत त्यांनी दंत महाविद्यालयाच्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात चौकशी करावी. मुंबईत नायरचं आणि शासकीय दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहेत. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात. वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी.

पुढची तपासणी जानेवारीत, गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची यात्रा, उरकला की. स्प्लिंट तिथे घेऊन जायचा आहे, कॅपही बघतील. कडक भाकरी सोडलेली नाही. आमटीत दहा मिनिटं बुडवून ठेवतो. बायको म्हणते, मग कडक कशाला आणायची? तिला अजून उत्तर दिलेलं नाही.